सैन्याच्या दप्तरात नव्हता, जमिनीच्या दप्तरात सापडला

माझ्या सुनेच्या माहेरी एक गोष्ट कैक पिढ्या सांगितली जाते. त्यांचा मूळपुरुष म्हणे जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यात होता, १७८१ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या यॉर्कटाउनच्या वेढ्यात लढला आणि त्या कामगिरीबद्दल सरकारने त्याला ओहायोत जमीन इनाम दिली. विहीणबाईंनी ही गोष्ट त्यांच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली. नातू झाला तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं, की या पोराला दोन्हीकडची वंशावळ नीट लिहून द्यायची. आमच्या बाजूचं काम सोपं होतं. वारसनोंदींमुळे भावकीची वंशावळ खापरपणजोबांपर्यंत तयारच होती. त्यांच्याकडे गोष्ट होती, पण कागद नव्हता.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि सातारा-सांगलीकडच्या तालुक्यांत मोजण्या करत निवृत्त झालो. मुलगा ओहायोतल्या डेटनला असतो. तिकडे गेलो असताना विहीणबाई म्हणाल्या, की तुमचं आयुष्य जुनी दप्तरं वाचण्यात गेलं, आमचंही एकदा बघा. सुनेने मला ते मराठीत सांगितलं आणि वर स्वतःचं जोडलं, "बाबा, आईला नाही म्हणू नका." नाही म्हणायचं कारणच नव्हतं. घरातली माणसं हयात आहेत म्हणून इथे नावं देत नाही. त्या पूर्वजाला ‘शिपाई’ एवढंच म्हणतो.

हद्दीचा वाद आला की मोजणीदार आधी पक्की खूण धरतो आणि तिथून कामाला लागतो. वंशावळीत पक्की खूण म्हणजे आज हयात असलेलं माणूस. बरेच जण उलटं करतात. इतिहासातला एखादा नावाजलेला माणूस घेतात आणि तिथून खाली आपल्या घरापर्यंत शिडी लावायला बघतात. आडनाव जुळलं की त्यांना पायऱ्या दिसायला लागतात. मी विहीणबाईंना सुरुवातीलाच विनंती केली, की यॉर्कटाउन काही दिवस बाजूला ठेवा, आपण तुमच्या आजोबांच्या मृत्युदाखल्यापासून सुरू करू.

ओहायो राज्याने मृत्यूची नोंद १९०८च्या डिसेंबरपासून स्वतःकडे घेतली. त्याआधी १८६७पासून काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, वह्या आहेत. दाखल्यावर आईबापांची नावं असतात, त्यामुळे एकेक पिढी मागे सरकता येते. सोबतीला दर दहा वर्षांची जनगणना. त्यातली १८९०ची जवळजवळ सगळी वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीपायी गेली, तेव्हा तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते. १८८०च्या जनगणनेत प्रत्येकाच्या आईबापाचं जन्मस्थळ विचारलं होतं, त्याचा फार उपयोग झाला. हे काम भराभर झालं. ही कागदपत्रं आता घरबसल्या दिसतात.

१८५०ला येऊन थांबलो, कारण ते साल या कामात उंबरठ्यासारखं आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधीच्या याद्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असायचं आणि पुढे नुसत्या वयोगटाच्या रकान्यांत आकडे: दहाच्या आतले मुलगे किती, सोळा ते सव्विसातल्या बायका किती, असे. १८५०च्या पानावर ग्रीन काउंटीतल्या एका शेतकऱ्याचं कुटुंब मिळालं. नवरा, बायको, सात मुलं आणि शेवटच्या ओळीत एक म्हातारी, वय ७४, जन्म पेनसिल्व्हेनिया. पुढे एक रकाना आहे, लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी. त्यात तिच्या नावापुढे रेघ होती. ही शिपायाची विधवा. शिपाई तोवर वारला होता.

आता त्याच्याकडे वळायचं होतं. विहीणबाईंची स्वाभाविक इच्छा, की आधी सैन्याची कागदपत्रं बघू. स्वातंत्र्ययुद्धातल्या शिपायांच्या पेन्शनच्या फायली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्या फार बोलक्या असतात. १८१८ आणि १८३२च्या कायद्यांखाली म्हाताऱ्या शिपायांनी न्यायालयात उभं राहून आपली सगळी नोकरी शपथेवर सांगितलेली असते. त्या नावाच्या फायली होत्या. एक कनेक्टिकटचा निघाला, एक दक्षिण कॅरोलायनाचा. दोघांच्याही बायकामुलांची नावं जुळेनात. ग्रीन काउंटीतला आमचा माणूस त्यांत नव्हता. १८४०च्या जनगणनेत पेन्शनधारकांची वेगळी नोंद आहे, तिच्यातही नाही.

मग १७८३नंतरच्या लढाया धरल्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर नव्या देशाने आपलं सैन्य जवळपास मोडीत काढलं होतं. ओहायो नदीच्या उत्तरेचा मुलूख ब्रिटिशांनी तहात सोडला खरा, पण तिथे राहणाऱ्या मायामी, शॉनी, डेलावेअर या लोकांना त्या तहात कुणी विचारलं नव्हतं. ते आपल्या भूमीसाठी उभे राहिले. १७९०मध्ये जनरल हार्मरची मोहीम फसली. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी वॉबॅश नदीच्या उगमापाशी मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांनी जनरल सेंट क्लेअरच्या सैन्याची पार वाताहत केली. एका सकाळीत सहाशेहून अधिक शिपाई पडले. मूळ रहिवाशांविरुद्धच्या लढायांत अमेरिकेच्या सैन्याचा एवढा मोठा पराभव पुन्हा कधी झाला नाही. त्यानंतर अँथनी वेनच्या हाताखाली नवं सैन्य उभं केलं, त्याला ‘लीजन’ म्हणत. १७९२मध्ये पिट्सबर्गला भरती सुरू झाली, तीन वर्षांच्या बोलीवर.

शिपायाचं वय या काळात बसत होतं. पण कागद इथेच अडतो. ८ नोव्हेंबर १८००च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि तोवरचं जवळजवळ सगळं दप्तर जळालं. पुढे १८१४च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी शहर जाळलं, तेव्हा उरल्यासुरल्यातलं आणखी गेलं. १७८४ ते १८११ या काळातल्या स्वयंसेवक आणि मिलिशियाच्या, म्हणजे गरजेपुरत्या उभ्या केलेल्या नागरी फौजेच्या, शिपायांची नोकरीपत्रकं नंतर जमवली गेली, त्यांत लीजनचे खडे शिपाई नाहीत. नियमित सैन्याच्या भरतीची मोठी नोंदवही आहे, तिच्यात उंची, डोळ्यांचा रंग, जन्मगाव, आधीचा धंदा इतकं सगळं सापडतं, पण ती १७९८पासून सुरू होते. १७९२ला भरती होऊन १७९५ला सुटलेला शिपाई या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो.

त्या जळालेल्या दप्तराची भरपाई करायचा एक मोठा प्रयत्न झाला आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. युद्धखात्याने बाहेर पाठवलेली पत्रं ज्यांना मिळाली त्यांच्याकडे तर राहिली असतील, या विचाराने देश-परदेशातल्या संग्रहांतून त्यांच्या प्रती शोधल्या गेल्या. चाळीस हजारांहून अधिक कागद गोळा झाले. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांनी ते सर्वांसाठी खुले केले आणि कुणीही घरी बसून ते वाचून उतरवून द्यावेत अशी सोय ठेवली. मी त्यांतली बरीच पत्रं वाचली. जोडे नाहीत, पीठ आलं नाही, पगार थकला, अशा तक्रारींनी ती भरलेली आहेत. लीजनचा हिवाळा त्यांतून कळला. आमचा शिपाई त्यांत नव्हता. साध्या शिपायाचं नाव पत्रात यायला त्याने एकतर पळून जावं लागतं किंवा मरावं लागतं.

म्हणून मी सैन्य सोडलं आणि जमिनीकडे गेलो. मला तिकडेच जायचं होतं, हेही सांगतो. माणूस सैन्यात तीन वर्षं असतो, जमिनीवर तीस वर्षं. तो कर भरतो, खरेदी करतो, गहाण टाकतो, शेजाऱ्याशी भांडतो, आणि मेल्यावर वाटणी होते. प्रत्येक वेळी कुणीतरी लिहून ठेवतं.

ओहायोच्या १८०० आणि १८१०च्या जनगणना जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या आहेत, त्यामुळे तिथे कराच्या याद्यांवरच भागवावं लागतं. ग्रीन काउंटीच्या याद्यांत १८१०च्या आगेमागे शिपायाच्या नावाची तीन माणसं निघाली. एकापुढे सीनियर, एकापुढे ज्युनियर, एकापुढे काहीच नाही. त्या काळी सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असतील असं धरता येत नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले तर वयाने मोठा तो सीनियर, मग नातं असो वा नसो. आपल्याकडे एका गटात दोन ‘पांडुरंग बाळू’ निघाले की तलाठी काय करतो ते आठवा. आजूबाजूची नावं बघतो. मीही तेच करायचं ठरवलं.

झीनिया हे ग्रीन काउंटीचं मुख्य गाव. १९७४च्या एप्रिलमध्ये तिथे भयंकर चक्रीवादळ झालं होतं, अर्धं गाव गेलं, पण खरेदीखतांच्या वह्या वाचल्या. काउंटीचा वेगळा दप्तरखाना आहे आणि तिथली माणसं आपुलकीने मदत करतात. पहिली वही समोर आली तेव्हा मला हात लावायच्या आधी थोडं थांबावंसं वाटलं. दोनशे वर्षांपूर्वीची शाई, बोरूसारख्या जाड-बारीक वळणाची. लिहिणाऱ्याचं अक्षर एकदा ओळखीचं झालं की मग तो आपल्याशी बोलायला लागतो.

लिटल मायामी नदीच्या पूर्वेकडचा भाग ‘व्हर्जिनिया मिलिटरी डिस्ट्रिक्ट’मध्ये येतो. व्हर्जिनियाने आपल्या स्वातंत्र्ययुद्धातल्या शिपायांना जमीन देण्यासाठी तो राखून ठेवला होता. ओहायोच्या इतर भागात सरकारने आधी सगळी जमीन चौकोनांत मोजली आणि मग विकली. इथे तसं नव्हतं. वॉरंट, म्हणजे जमीन मिळण्याचा हक्क देणारा कागद, हातात असलेल्याने किंवा त्याच्या मोजणीदाराने चांगली जमीन हेरायची, तिच्या कडेच्या झाडांना कुऱ्हाडीने खुणा करायच्या आणि झाडापासून झाडापर्यंत हद्द लिहायची. तुकडे एकमेकांवर चढले आणि कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालले. कोकणातल्या वरकस जमिनींच्या जुन्या मोजण्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे सांगायला नको.

शिपायाचं खरेदीखत १८०६चं. शंभर एकर, एका मोठ्या सर्व्हे नंबरातला तुकडा. वर्णन असं: दोन शुगर मेपल आणि एक हिकरी यांपासून सुरुवात, तिथून उत्तरेपासून ४० अंश पूर्वेकडे १६० पोल एका पांढऱ्या ओकपर्यंत, अमुक शेजाऱ्याच्या कोपऱ्याला लागून, मग पुढची दिशा, पुढचं झाड, अखेर पुन्हा सुरुवातीच्या मेपलपाशी. पोल म्हणजे साडेसोळा फूट. वाचता वाचता मी कागदावर आकडा मांडला. दोन पोल म्हणजे ३३ फूट, म्हणजे आपली शंकू-साखळीच्या मोजणीतली साखळी. ३३ फुटांचा चौरस म्हणजे आपला गुंठा. एकरात १६० चौरस पोल, म्हणजेच ४० गुंठे. दोन्हीकडचं माप एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाच्या ६६ फुटी साखळीतून आलेलं. ज्या मापाने मी वाळव्याच्या मळईच्या जमिनी मोजल्या, त्याच मापाने १८०६ साली ओहायोच्या जंगलात कुणी साखळी ओढली होती. त्या दिवशी दप्तरखान्यातून बाहेर पडताना मला परकं वाटेनासं झालं.

मग कोनमापक आणि पट्टी घेऊन टिपण, म्हणजे मोजणीचा कच्चा नकाशा, काढलं. होकायंत्राची सुई दोन शतकांत सरकते, ती दुरुस्ती करून आजच्या नकाशावर बसवलं. एका कडेला ओढा नेमका जुळला. शेजाऱ्यांची खतं काढून त्यांचीही टिपणं जोडली, जशी आपण गटाची फाळणी जुळवतो. हळूहळू त्या वस्तीचा नकाशाच तयार झाला. तीन समान नावांपैकी दोघांच्या जमिनी दुसऱ्या टोकाला, ओढ्यापलीकडे होत्या आणि त्यांच्या बायकांची नावं वेगळी. हे बायकांचं नाव खरेदीखतात येतं, कारण नवऱ्याने जमीन विकली तर तिच्यावर बायकोचा हयातीतला हक्क असायचा. न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचा, की तू राजीखुशीने हक्क सोडतेस ना. मग ती सही करायची. शिपायाने १८१९मध्ये वीस एकर विकले, त्या खतावर त्याच्या बायकोची फुली आहे. १८५०च्या पानावर शेवटच्या ओळीत रेघ असलेली म्हातारी तीच.

त्याच खतात चतुःसीमेला उत्तरेकडचा शेजारी म्हणून एक नाव होतं. १८०६च्या खतातही तेच. मी ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं.

पण एवढं होऊनही हा माणूस शिपाई होता याचा कागद कुठे होता? ही जमीन त्याने रोख पैसे देऊन विकत घेतली होती. मूळ वॉरंट व्हर्जिनियाच्या एका अधिकाऱ्याचं, त्याच्याकडून दलालाने घेतलेलं, दलालाकडून शिपायाने. म्हणजे घरातल्या गोष्टीतला ‘इनाम’ या जमिनीला लागू नव्हता. हे मी विहीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांना यॉर्कटाउनच्या नात्याने स्वातंत्र्ययुद्धाच्या वारसदार स्त्रियांच्या संस्थेत सभासद व्हायचं होतं आणि तिथे १७८३पर्यंतची सेवा लागते. व्याही शांतपणे म्हणाले, जे आहे ते बाहेर येऊ दे.

वाट सापडली ती १८५०च्या एका कायद्यामुळे. त्या वर्षी २८ सप्टेंबरला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ठरवलं, की १७९०पासून मूळ रहिवाशांविरुद्धच्या कोणत्याही लढाईत नोकरी केलेल्यांना किंवा त्यांच्या विधवांना जमिनीचं वॉरंट द्यायचं. एक महिन्याच्या नोकरीला ४० एकर, चार महिन्यांना ८०, नऊ महिन्यांना १६०. म्हणजे १७९२च्या शिपायाच्या विधवेला १८५१मध्ये अर्ज करता येत होता. ती तेव्हा जिवंत होती, हे जनगणनेने सांगितलंच होतं. वॉरंट मिळालं की बहुतेक जण ते विकून टाकत. १८५२मध्ये तशी कायदेशीर परवानगीही मिळाली. विकत घेणारा ते पश्चिमेकडच्या सरकारी जमिनीवर लावायचा आणि त्याच्या नावाने सनद निघायची. मात्र त्या सनदेत मूळ वॉरंट कुणाच्या नावाचं होतं ते लिहिलेलं असतं. या सनदा सरकारने आता सर्वांना बघता येतील अशा ठेवल्या आहेत.

विधवेच्या नावाने शोध घेतला. आयोवातली १६० एकरांची एक सनद पडद्यावर आली. जमीन कुण्या तिसऱ्याच माणसाला मिळालेली, पण मजकुरात लिहिलं होतं, की हे वॉरंट अमुक हिच्या नावे, जी अमुक या मयत शिपायाची विधवा, कॅप्टन अमुक याची कंपनी, युनायटेड स्टेट्स लीजन. सौ. शेजारी भाजी निवडत बसली होती. मी एवढंच म्हणालो, "सापडला गं."

मूळ अर्जाची फाइल नॅशनल आर्काइव्ह्जमधून मागवावी लागते. या फायलींपैकी बऱ्याच अजून स्कॅन झालेल्या नाहीत. नाव, राज्य, वॉरंटचा नंबर, एकर आणि कायद्याचं साल दिलं तर तिथले लोक शोधून प्रती पाठवतात. वॉरंटचा नंबर सनदेवर होताच. वाट बघण्यात बराच काळ गेला. त्या काळात मी लीजनबद्दल मिळेल ते वाचत राहिलो.

फाइल आली तेव्हा सगळं घर टेबलाभोवती जमलं. पहिला कागद विधवेचं शपथपत्र. झीनियाच्या न्यायालयात दिलेलं, शेवटी तीच फुली. नवरा १७९२च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गला भरती झाला, तीन वर्षं नोकरी केली, ग्रीनव्हिलच्या किल्ल्यावर १७९५मध्ये सुटला. सुटकेचा कागद घरात होता, पण बरीच वर्षं झाली हरवला. वेनच्या हाताखाली मॉमी नदीवरच्या २० ऑगस्ट १७९४च्या लढाईत तो होता असं त्याने तिला कितीदा तरी सांगितलेलं. १७९८मध्ये सिनसिनाटीजवळ लग्न झालं. लग्नाची नोंद मिळत नाही, कारण ग्रीन काउंटी तेव्हा झालीच नव्हती आणि तो भाग हॅमिल्टन काउंटीत होता, जिथलं न्यायालय जळालं.

दुसरा कागद साक्षीदाराचं शपथपत्र. वय ७९. अर्जदाराच्या नवऱ्याला आपण भरतीपासून ओळखत होतो, दोघे एकाच कंपनीत होतो, एकत्र सुटलो आणि पुढे शेजारी शेजारी जमीन घेऊन राहिलो. खाली सही. ते नाव मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवलेलं होतं: उत्तरेकडचा शेजारी. खरेदीखतातला शंभर एकरांचा मालक आणि लीजनचा शिपाई हा एकच माणूस, याला यापेक्षा भक्कम पुरावा मला मोजणीच्या नोकरीतही क्वचित मिळाला असेल.

तिसरा कागद उलगडला तेव्हा विहीणबाईंनी माझा हात धरला. तो छापील चौकटीचा, बायबलमधला, कुटुंबाच्या नोंदी लिहायचा कागद होता. लग्नाचा दुसरा पुरावा नव्हता म्हणून म्हातारीने, किंवा तिच्या वतीने अर्ज लिहिणाऱ्या मुखत्याराने, तो बायबलमधून कापून वॉशिंग्टनला पाठवला आणि तो तिथेच फाइलला लागून राहिला. या फायलींत अशी पानं पुष्कळ सापडतात. विहीणबाईंच्या कपाटात ते जुनं बायबल आहे, जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये एक पान धारदार कापलेलं. कुणी कापलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पानावर लग्नाची तारीख, नऊ मुलांचे जन्म, त्यांतल्या तिघांचे मृत्यू, आणि सगळ्यात वर शिपायाचा स्वतःचा जन्म: १७७२. यॉर्कटाउनच्या वेढ्यात तो नऊ वर्षांचा होता.

यॉर्कटाउन कुठून आलं तेही पुढे कळलं. १८८०च्या सुमारास काउंटीच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं वर्गणी घेऊन छापली जायची आणि कुटुंबांची माहिती ते कुटुंबच द्यायचं. अशाच एका पुस्तकात शिपायाच्या नातवाने आजोबांना वॉशिंग्टनच्या हाताखाली घातलेलं आहे. १७९२ ते १७९५ या काळात वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होते, तेव्हा एका अर्थी ते खरंही होतं. आणि ‘सरकारने जमीन दिली’ हेही खरंच निघालं. फक्त ती जमीन आयोवात होती, या घराण्यातल्या कुणीही ती पाहिली नाही, आणि म्हातारीच्या हातात तिचे थोडे रोख पैसे आले असतील, कारण वॉरंटं बहुधा सरकारी भावाच्या, म्हणजे एकराला सव्वा डॉलरच्या, खालीच विकली जात.

पुढच्या सुट्टीत आम्ही सगळे गाडी काढून त्या वाटेने गेलो. फोर्ट रिकव्हरी हे वॉबॅशकाठचं छोटं गाव. १७९१च्या पराभवाच्या जागी वेनच्या तुकडीने १७९३च्या डिसेंबरमध्ये किल्ला बांधला. तंबू ठोकायच्या आधी त्यांना जमिनीवरची हाडं गोळा करून पुरावी लागली. आमचा शिपाई त्या तुकडीत होता की ग्रीनव्हिललाच राहिला, हे कागद सांगत नाही, म्हणून वंशावळीत मी ते लिहिलेलं नाही. तिथून मॉमीकाठी फॉलन टिंबर्सला. वादळात उन्मळून पडलेल्या झाडांवरून १७९४च्या त्या लढाईला ते नाव पडलं. कित्येक वर्षं लोक नदीकाठच्या सखल जागेलाच रणभूमी समजत होते. १९९५मध्ये पुरातत्त्वज्ञांनी धातूशोधक घेऊन वरच्या शेतात शोध घेतला, तेव्हा लीजनची बटणं आणि बंदुकीच्या गोळ्या तिथे निघाल्या. लढाई तासा-दीड तासात संपली. ब्लू जॅकेटच्या माणसांनी माघार घेऊन ब्रिटिशांच्या फोर्ट मायामिसचा दरवाजा गाठला, तर दरवाजा उघडलाच नाही.

पण त्यानंतर लीजनने काय केलं हे नातवाच्या वहीत लिहायचं की नाही, यावर घरात चर्चा झाली. सैन्याने मॉमीच्या दोन्ही काठांवरची गावं आणि उभं पीक जाळलं. वेनने स्वतः लिहून ठेवलं आहे, की कॅनडापासून फ्लोरिडापर्यंत मक्याची एवढी विस्तीर्ण शेतं आपण कुठेच पाहिली नव्हती. जाळणाऱ्यांत आमचा शिपाई होता. पुढच्या वर्षी ३ ऑगस्ट १७९५ला ग्रीनव्हिलचा तह झाला आणि आजच्या ओहायोचा बहुतेक भाग त्या लोकांच्या हातून गेला. ज्या जमिनीच्या चतुःसीमा मी एवढ्या प्रेमाने जुळवल्या, तिच्यापासून जवळच, झीनियाच्या उत्तरेला, शॉनींचं मोठं गाव होतं, जुनं चिलिकॉथी. तिथे २०२४ साली ‘ग्रेट कौन्सिल’ नावाचं राज्य उद्यान झालं, शॉनींच्या तिन्ही जमातींना सोबत घेऊन. आज त्या जमाती ओक्लाहोमात आहेत, कारण १८३०च्या दशकात त्यांना ओहायोतून हलवलं गेलं. मायामींना इंडियानातून हलवलं ते १८४६मध्ये.

माझं मत स्पष्ट होतं. फेरफार लिहिताना आधीच्या कब्जेदाराचं नाव खोडलं तरी कंसात वाचता येईल असं ठेवतात, कारण हक्क कुणाकडून आला हे दिसायला हवं. विहीणबाई आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, की सगळं लिहा, मुलगा मोठा झाला की त्याचं तो ठरवील. वहीत आता शिपायाच्या पानासमोरचं पान ग्रीनव्हिलच्या तहाचं आहे.

त्यांची संस्थेची हौसही वेगळ्या वाटेने पुरी होते आहे. ओहायोची वंशावळ संस्था, १८२०अखेरपर्यंत ओहायोत वसलेल्यांच्या वंशजांना ‘फर्स्ट फॅमिलीज ऑफ ओहायो’मध्ये घेते. त्यासाठी प्रत्येक पिढीचा दुवा कागदाने सिद्ध करावा लागतो. आमच्याकडे १८०६चं खरेदीखत आहे. अर्जाचा गठ्ठा मी नंबर घालून, पानांची अनुक्रमणिका लावून दिला.

आता शिपायाचा बाप. बायबलच्या पानावर जन्मसाल आहे, जन्मगाव नाही. उत्तरेकडचा शेजारी इथेही उपयोगी पडला. त्याच्या माहेरच्या... म्हणजे त्याच्या बापाच्या जमिनीचा माग पेनसिल्व्हेनियाच्या वॉशिंग्टन काउंटीत लागतो. एकाच कंपनीत भरती झालेली, पुढे जन्मभर शेजारी राहिलेली दोन पोरं मुळात एकाच ओढ्याकाठची असण्याचा संभव मोठा. अडचण अशी, की त्या मुलखावर १७८०पर्यंत पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया दोघांचाही दावा होता. व्हर्जिनियाने तिथे योहोगेनिया नावाची आपली काउंटीही थाटली होती. म्हणजे एकाच वस्तीची दप्तरं दोन राज्यांत विखुरलेली. हद्दीच्या वादातले कागद म्हणजे माझं रोजचं काम होतं, त्यामुळे याची मला धास्ती वाटत नाही. व्हर्जिनियाने त्या काळी आधीपासून वस्ती केलेल्यांना ४०० एकरांचे दाखले दिले होते. त्यांत शिपायाच्या आडनावाचा एक दाखला मिळाला आहे आणि लगतच्या जमिनीला शेजाऱ्याच्या बापाचं नाव आहे. मोजणी नंतर पेनसिल्व्हेनियाने केली, तिची प्रत मागवली आहे. कोनमापक आणि पट्टी टेबलावर काढून ठेवली आहे. प्रत आली की आधी टिपण काढणार, मग बाकीचं.